तुटपुंज्या भांडवलावर छायाचित्रण, डिझाइन आणि व्हिडिओचा व्यवसाय: पैसा कोणत्या क्रमाने खर्च करावा?

नवी चौकट

नमस्कार. मी आणि माझी एक सहकारी मिळून छायाचित्रण, ग्राफिक डिझाइन आणि छोट्या व्हिडिओंची कामे घेणारा व्यवसाय सुरू करण्याच्या विचारात आहोत. मी आजवर एका जाहिरात संस्थेत डिझायनर म्हणून नोकरी केली आहे, तर सहकारी एडिटिंग आणि मोशन ग्राफिक्स करते. छायाचित्रण दोघांनाही येते, परंतु त्यातून पैसे मिळवण्याचा अनुभव तुरळकच आहे. आमच्याकडे एक जुना मिररलेस कॅमेरा, त्याच्यासोबत आलेली किट लेन्स आणि बऱ्यापैकी चालणारा एक डेस्कटॉप संगणक आहे. बाजूला टाकलेली बचत एवढीच आहे की, तिच्यातून एकतर चांगला फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा, दोन लेन्स आणि दिव्यांचा संच येईल, किंवा आम्हा दोघांचा सहा महिन्यांचा घरखर्च भागेल. दोन्ही एकदम होणार नाही.

ज्यांच्याशी बोललो त्यांची मते एकमेकांशी जुळत नाहीत. काहींचे म्हणणे असे की क्लायंट उपकरणे पाहूनच काम देतो, त्यामुळे आधी कॅमेरा आणि स्टुडिओची जागा हवी. इतरांच्या मते, जागा भाड्याने घेणे म्हणजे काम येण्याआधीच दरमहाचा खर्च मागे लावून घेणे होय. सॉफ्टवेअरबाबतही तोच गोंधळ आहे. नोकरीत सर्व परवाने संस्थेचे होते. आता दोन संगणकांची वार्षिक वर्गणी भरायची म्हटली तर बचतीला मोठेच भगदाड पडते. शिवाय दर कसे ठरवावेत हे आम्हाला खरोखरच उमगलेले नाही. इतरांचे दर पाहून थोडे कमी लावावेत, एवढीच कल्पना सध्या आहे.

या क्षेत्रात काही वर्षे काढलेल्यांनी कारणांसह मार्गदर्शन केल्यास आभारी राहू. आवड असली की सगळे जमते, या प्रकारचे प्रोत्साहन पुरेसे मिळाले आहे.

तिरपा उजेड

तुम्हाला जो पेच वाटतो आहे तो माझ्या मते पेच नाहीच. घरखर्चाचे पैसे राखून ठेवावेत आणि कॅमेरा घेऊ नये. बिल दिल्यापासून पैसे हातात पडेपर्यंत महिना-दोन महिने जाणे ही बऱ्याच मोठ्या क्लायंटकडची नेहमीची रीत आहे, आणि शूटचा प्रवास, भाडे, मदतनीसाचे मानधन हे सगळे मात्र आधीच द्यावे लागते. काम हातात असूनही रोख रक्कम नाही, या अवस्थेत व्यवसाय बंद पडतात. कॅमेरा जुना आहे म्हणून बंद पडल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

कॅमेऱ्याचा हिशेब अगदी साधा आहे. ए-४ आकाराचे पूर्ण पान ३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) छापायचे तर २४८० × ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख पिक्सेल लागतात. फोर-के पडदा पूर्ण भरायला ३८४० × २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख. गेल्या दहा वर्षांतला जवळजवळ कोणताही मिररलेस कॅमेरा याच्या दुपटीहून अधिक देतो, त्यामुळे चित्राच्या आकाराच्या नावाखाली नवा कॅमेरा घेण्याचे कारण उरत नाही. फुल फ्रेमचा खरा फायदा अंधाऱ्या जागेत आणि मागची पार्श्वभूमी धूसर करण्यात आहे. टेबलावर ठेवलेली वस्तू एफ/११ला (लेन्सचे छिद्र, म्हणजे ॲपर्चर, लहान ठेवून), ट्रायपॉडवरून, आयएसओ १००ला (सेन्सरची संवेदनशीलता कमी ठेवून) टिपताना त्या दोन्हींचा उपयोग नसतो.

त्यामुळे खर्चाचा क्रम असा ठेवावा: प्रथम न डगमगणारा ट्रायपॉड, मग उजेड आणि उजेड अडवण्याची साधने, त्यानंतर एक चांगली प्राइम (झूम नसलेली) किंवा मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी) लेन्स, आणि कॅमेऱ्याची बॉडी सर्वांत शेवटी. बॉडीची किंमत झपाट्याने घसरते. चांगली लेन्स आणि मजबूत स्टँड मात्र दोन-तीन बॉडी बदलेपर्यंत पुरतात.

उजेड अडवण्याची साधने असे मुद्दाम म्हटले, कारण नवखे लोक दिवे वाढवत जातात आणि काळ्या पुठ्ठ्याला कोणी विचारत नाही. काचेची बाटली घ्या. काच स्वतः उजळत नाही, तिच्यात आजूबाजूचे जे काही असेल ते उमटते. म्हणून समोरून दिवा लावला की बाटलीवर त्या दिव्याचाच पांढरा डाग दिसतो आणि कडा पार्श्वभूमीत विरघळून जातात. त्याऐवजी बाटलीच्या मागे हातभर अंतरावर ट्रेसिंग पेपर ताणून लावावा आणि त्याच्या मागे एकच दिवा ठेवावा. आता कॅमेऱ्यातून पाहत, चौकटीच्या जेमतेम बाहेर राहतील असे दोन काळे पुठ्ठे बाटलीच्या डाव्या-उजव्या बाजूंना उभे करावेत. पुठ्ठे जवळ सरकवावेत तशी काचेच्या दोन्ही कडांवर गडद, स्वच्छ रेषा उमटत जाते आणि बाटलीला गोलाई येते. लेबल काळवंडलेले दिसेल, त्यासाठी पोस्टकार्डाएवढा पांढरा पुठ्ठा समोरून तिरका धरावा. आत गडद रंगाचे द्रव असेल तर बाटलीच्या आकारातच कापलेला चंदेरी कागद मागे टेकवावा, म्हणजे द्रव आतून उजळल्यासारखे दिसते. या मांडणीत एक दिवा लागला. बाकी सर्व साहित्य स्टेशनरीच्या दुकानातले आहे, आणि त्यातून येणारे चित्र पाहून कोणीही कॅमेऱ्याचे मॉडेल विचारत नाही.

दिवा कोणता घ्यावा, याचे उत्तर तुम्ही काय टिपणार यावर अवलंबून आहे. केवळ स्थिर चित्रे टिपायची असतील तर कोणीतरी आधी वापरलेला, स्वस्तात मिळणारा मॅन्युअल फ्लॅश आणि वायरलेस ट्रिगर हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत ताकदवान पर्याय आहे. व्हिडिओही करायचा असेल तर एलईडीच हवा, आणि त्याचा सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी निर्देशांक) ९५च्या वर असल्याची खात्री करून घ्यावी. ८० सीआरआयच्या घरगुती दिव्याखाली त्वचेचा आणि लाल रंगांचा जो विचका होतो तो एडिटिंगमध्ये पूर्णपणे दुरुस्त होत नाही. विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असलेल्या ठिकाणी व्हिडिओचा शटर १/५० किंवा १/१०० ठेवावा, ६० हर्ट्झ असल्यास १/६० किंवा १/१२०, म्हणजे जागेवरच्या ट्यूबलाइटची लुकलुक पट्ट्यांच्या रूपाने चित्रात येत नाही.

बाकी सगळे भाड्याने आणावे, आणि ते भाडे कोटेशनमध्ये स्वतंत्र ओळीत दाखवावे. एखादी वस्तू लागोपाठच्या बहुतेक कामांना भाड्याने आणावी लागते आहे असे दिसले, म्हणजे ती विकत घेण्याची वेळ आली असे समजावे. वापरलेली लेन्स घेताना मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने आत मारून बुरशीचे जाळे आहे का ते पाहावे आणि ॲपर्चरच्या पात्यांवर तेल आले आहे का तेही तपासावे. कॅमेरा असेल तर शटर काउंट विचारावा. उत्पादक साधारणतः एक ते दोन लाख उघडझापांची क्षमता सांगतात, महागड्या बॉडींना त्याहून अधिक.

स्टुडिओच्या जागेविषयी एकच सांगतो. उत्तरेकडची मोठी खिडकी आणि पांढरा पडदा असलेली खोली घरात असेल तर पहिले वर्ष तेवढ्यावर निघते.

तीन मिलिमीटर

छायाचित्रणाचे वर आले आहेच, मी सॉफ्टवेअर आणि छपाईपुरते लिहितो.

मोफत सॉफ्टवेअरने व्यवसाय चालतो का, या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. कोणत्या कामाला चालतो आणि कोणत्या टप्प्यावर अडतो, हे पाहावे लागते. तुमच्या सहकारीच्या बाजूला फारशी अडचण येऊ नये. डाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीतून ३८४० × २१६० पर्यंतचा व्हिडिओ वॉटरमार्कशिवाय निघतो, आणि रंगसंस्काराच्या बाबतीत तर हे सॉफ्टवेअर चित्रपटांच्या कामासाठीच नावाजलेले आहे. नॉइज रिडक्शनसारख्या काही गोष्टी सशुल्क स्टुडिओ आवृत्तीत आहेत, परंतु ती एकदाच विकत घ्यावी लागते, दरमहा वर्गणी नाही. त्रिमिती आणि मोशनसाठी ब्लेंडर आहे. लोकवर्गणीतून एक लाख युरो उभे करून २००२ साली ते जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली खुले करण्यात आले, आणि त्यात केलेल्या कामावर पूर्ण हक्क करणाऱ्याचाच राहतो, व्यावसायिक वापरासह. कॅमेऱ्यातल्या रॉ (संस्कार न झालेल्या मूळ) फाइलींवर संस्कार करण्यासाठी डार्कटेबल, चित्रे रंगवण्यासाठी क्रिता, लोगो आणि रेखाकृतींसाठी इंकस्केप ही साधने मी रोज वापरली जाताना पाहतो.

अडते ते छपाई आणि देवाणघेवाण या दोन ठिकाणी. इंकस्केप आणि चित्रांवर काम करणारे मोफत जिंप यांचा मूळ पिंड आरजीबीचा, म्हणजे पडद्यावरच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांचा, आहे. २०२५ मध्ये आलेल्या जिंप ३मध्ये परिस्थिती सुधारली असली, तरी चार रंगांच्या छपाईची अंतिम फाइल तिथे बनवण्यापेक्षा ती स्क्रायबस या पानमांडणीच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मांडून सीएमवायकेची (छपाईच्या चार शायांची) पीडीएफ काढणे अधिक भरवशाचे ठरते. आणि एखादी संस्था "लेअरसह पीएसडी द्या" किंवा "इनडिझाइनची मूळ फाइल हवी" असे म्हणत असेल तर तिथे पर्यायी सॉफ्टवेअरचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. अशा कामापुरती ॲडोबची (फोटोशॉप, इनडिझाइनची) एका महिन्याची वर्गणी भरावी आणि ती कोटेशनमध्ये धरावी. वर्षभराचे पैसे आधी भरून ठेवण्याची घाई मात्र करू नये. आणि मासिक हप्त्यांची वर्गणी प्रत्यक्षात वर्षाच्या कराराची तर नाही ना, हे बटण दाबण्यापूर्वी वाचावे.

चोरीचे सॉफ्टवेअर वापरण्याचा विषय अशा चर्चेत कोणीतरी काढतोच, म्हणून आधीच लिहितो की परवान्याविना एक फॉन्ट वापरला गेला तरी नोटीस तुमच्याबरोबर तुमच्या क्लायंटलाही येऊ शकते, आणि त्यानंतर तो क्लायंट परत येत नाही. "फक्त वैयक्तिक वापरासाठी" असे लिहिलेला फॉन्ट लोगोत वापरू नये. एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सखालील फॉन्ट व्यावसायिक कामात मुक्तपणे वापरता येतात. फक्त तो फॉन्टच स्वतंत्रपणे विकता येत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याच्या चित्रांमध्ये एनसी (व्यावसायिक वापरास मनाई) ही अक्षरे दिसली तर ते चित्र तुमच्यासाठी नाही असे समजावे; एनडी असेल तर त्यात बदल करून ते वापरता येत नाही, आणि एसए असेल तर त्यातून घडलेली कलाकृतीही त्याच परवान्याखाली खुली करावी लागते, जे क्लायंटला सहसा मानवत नाही. प्रत्येक कामाच्या फोल्डरमध्ये "परवाने" नावाचे एक उपफोल्डर ठेवून त्यात फॉन्ट, चित्रे आणि संगीत यांच्या पावत्या आणि परवान्यांच्या प्रती टाकत जाव्यात.

आता छपाईतली एक गोष्ट, जिच्यावरून छपाईवाला तुम्हाला ओळखतो. आरजीबीतला काळा रंग सीएमवायकेत नेला की तो चारही शायांमध्ये विभागला जातो. मोठ्या काळ्या पट्ट्याला ते शोभते, पण आठ पॉइंटच्या मजकुराला नाही, कारण चार प्लेट केसभर जरी सरकल्या तरी प्रत्येक अक्षराला तांबडी-निळी किनार दिसू लागते. बारीक मजकूर निव्वळ काळ्या शाईत, १०० टक्के के, एवढाच ठेवावा आणि ओव्हरप्रिंट (खालच्या रंगावरच काळी शाई छापणे) चालू असल्याचे पाहावे. ब्लीड, म्हणजे कापणीसाठी पानाच्या कडेबाहेर वाढवलेले चित्र, किती ठेवायचे ते माझ्या नावातच आहे, तरीही छपाईवाल्याला विचारून घ्यावे.

पैसे खर्च करायचेच असतील तर एसआरजीबीचा (पडद्यांसाठीच्या प्रमाणित रंगांचा) पूर्ण पल्ला दाखवणारा एक आयपीएस (बाजूने पाहिले तरी रंग फारसा न बदलणारा) मॉनिटर घ्यावा आणि कॅलिब्रेशनचे (मॉनिटरचे रंग अचूक जुळवण्याचे) उपकरण मित्राकडून उसने आणावे किंवा भाड्याने घ्यावे. दोन संगणकांवर तेच चित्र वेगवेगळे दिसत असेल, तर तुम्ही दोघे आपापसांतच करेक्शन करत बसाल.

रोखवही

मी स्वतः चित्रे काढत नाही. अशा दोन लहान स्टुडिओंचे हिशेब आणि करार पाहते. मूळ प्रश्नातले "इतरांचे दर पाहून थोडे कमी लावावेत" हे वाक्य वाचून लिहावेसे वाटले.

इतरांचा दर हा त्यांच्या खर्चाचा आकडा असतो, तुमच्या नव्हे. कदाचित त्यांची उपकरणे केव्हाच वसूल झाली असतील, किंवा कदाचित तेही तोट्यातच असतील. आपला दर आपल्या खर्चावरून काढावा. वर्षाचे ५२ आठवडे; सुट्ट्या, आजारपण आणि सणवार यांचे ५ वजा केले तर ४७ उरतात. आठवड्याचे ४० तास धरले तर १८८० तास होतात. आता यातले सगळे तास विकले जात नाहीत. क्लायंटशी बोलणे, कोटेशन करणे, पैशांचा तगादा, हिशेब, नवीन शिकणे आणि रिकामे बसणे यांत निम्मे जातात असे धरून चालावे. उरले ९४०. नोकरीत तुम्हाला वर्षाला १०० मिळत होते असे मानू. तेवढेच मिळावेत, त्याखेरीज सॉफ्टवेअर, विमा, वीज, प्रवास यांचे २५, उपकरणे तीन-चार वर्षांनी बदलावी लागतील त्यांची झीज १५ आणि व्यवसायाची शिल्लक १०, असे धरले तर १५० झाले. १५० भागिले ९४० हा दर, १०० भागिले १८८० या नोकरीतल्या दराच्या बरोबर तिप्पट येतो. आकडे नमुन्यादाखल आहेत, तुमचे वेगळे असतील. पण नोकरीतला तासाचा पगार काढून त्यात थोडी भर घातलेला दर कधीच पुरणार नाही, एवढे त्यातून दिसावे.

हा तासाचा दर क्लायंटला सांगण्यासाठी नाही. त्यावरून कामाची एकरकमी किंमत काढावी. वीस वस्तूंच्या चित्रांचे काम अर्ध्या दिवसाच्या शूटचे वाटते, परंतु प्रत्येक चित्राच्या सफाईला १५ ते २० मिनिटे धरली तरी पाच ते पावणेसात तास तिथेच जातात, आणि वस्तू पुसणे, मांडणे, फाइलींना नावे देणे, पाठवणे, दुरुस्त्या करणे हे वेगळेच. पहिले काही महिने प्रत्येक कामाचे तास लिहून ठेवावेत. ते कंटाळवाणे असते आणि बहुतेक जण दुसऱ्या आठवड्यात सोडून देतात.

करार म्हणून वकिली भाषेतली दहा पाने लागत नाहीत. दोन पाने पुरतात, पण त्यांत पुढील गोष्टी असाव्यात. नेमके काय आणि किती देणार, कोणत्या आकारात, कोणत्या तारखेला. निम्मी रक्कम काम सुरू होण्यापूर्वी आणि उरलेली अंतिम फाइली देण्यापूर्वी, तोवर पाहण्यासाठी वॉटरमार्क असलेल्या लहान प्रती. दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या किमतीत, तिसरीपासून वेगळे पैसे. दुरुस्त्या क्लायंटच्या वतीने एकाच व्यक्तीने एकत्रित आणि लेखी कळवाव्यात, हे कलम तर अगदी ठळक असावे, कारण तीन अधिकाऱ्यांनी तीन संदेशांतून परस्परविरोधी सूचना दिल्या की दोन फेऱ्यांच्या सहा होतात आणि कोणीच त्यांचे पैसे देत नाही. काम मध्येच रद्द झाल्यास झालेल्या टप्प्यापर्यंतची रक्कम द्यावी लागेल, हेही लिहावे.

हक्कांचा मुद्दा बहुतेक ठिकाणी राहून जातो. १८८६ च्या बर्न कराराच्या व्यवस्थेत कलाकृतीवरचा हक्क नोंदणी न करताही निर्माण होतो, हे बरोबर आहे. पण दुसऱ्याने पैसे देऊन करून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक कोण, याचे उत्तर देशोदेशी वेगळे आहे. म्हणून कायद्यावर विसंबून न राहता करारातच लिहावे की हक्क तुमच्याकडे राहून वापराचा परवाना दिला आहे, की हक्कच हस्तांतरित केले आहेत. परवाना असेल तर कोणत्या माध्यमात आणि किती काळ, तेही नमूद करावे. मूळ एडिटेबल फाइली आणि रॉ किमतीत धरल्या आहेत की नाहीत, हे न लिहिल्यास त्या धरल्या आहेत असेच क्लायंट समजतो.

"तिरपा उजेड" यांच्याशी एका मुद्द्यावर मात्र असहमत आहे. भाड्याच्या उपकरणांची स्वतंत्र ओळ दाखवली की क्लायंट नेमकी तीच कापायला सांगतो, "हे तुमच्याकडे असायला हवे ना" असे म्हणतो, आणि तुमची बाजू तिथेच लंगडी पडते. एकच किंमत द्यावी आणि भाडे आत धरावे.

नवी चौकट

सर्वांचे मनापासून आभार. बाटलीची मांडणी आम्ही घरातच करून पाहिली. पुठ्ठे सरकवताना कडा उमटते तो भाग वाचण्यापेक्षा प्रत्यक्षात अधिक चमत्कारिक वाटतो. तिप्पट दराचा हिशेब वाचून आम्ही दोघेही काही वेळ गप्प झालो, हेही सांगायला हवे.

दोन शंका उरल्या आहेत. सगळ्याच सेवा देण्यापेक्षा एकच धरावी असे सर्वत्र वाचतो, परंतु केवळ वस्तूंची चित्रे घेतली तर सहकारीच्या कौशल्याला वाव राहत नाही, आणि केवळ व्हिडिओ घेतले तर माझ्या. दुसरी शंका अशी की, आत्ताच एका ओळखीच्या व्यक्तीने विचारले आहे: पहिले काम विनामूल्य करून दाखवा, पसंत पडल्यास वर्षभराचे काम देऊ. आमच्याकडे दाखवण्याजोगा पोर्टफोलिओ नाही, त्यामुळे मोह होतो.

मागणीपत्र

मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूचा आहे. एका मध्यम आकाराच्या उत्पादन कंपनीत बाहेरून चित्रे, कॅटलॉग आणि व्हिडिओ करून घेणे हे माझे काम आहे.

एकच सेवा धरा याचा अर्थ एकच कौशल्य धरा, असा नाही. एकाच प्रकारच्या गरजेला धरा, असा घ्यावा. आम्हाला नवे उत्पादन बाजारात आणताना पांढऱ्या पार्श्वभूमीवरची चित्रे, दोन-तीन वापरातली चित्रे, दहा-पंधरा सेकंदांचा व्हिडिओ आणि पाकिटावर किंवा माहितीपत्रकावर बसणारी मांडणी, एवढे सगळे एकाच आठवड्यात लागते. आज हे चार जणांकडून येते. चौघांच्या चित्रांत उत्पादनाचा रंग वेगवेगळा दिसतो आणि जुळवाजुळव माझ्या गळ्यात पडते. एकाच मांडणीत, त्याच उजेडात, एका दिवसात स्थिर चित्रे आणि हलती चित्रे टिपून त्याच रंगात मांडणीसह देणारी दोन माणसांची जोडी मला मिळाली तर मी चार कोटेशन मागवणार नाही. तुमच्या दोघांची कौशल्ये यात बरोबर बसतात. लग्न, मुलाखती, इमारतींची चित्रे ही कामे चालून आली तरी निदान पोर्टफोलिओत मिसळू नयेत.

पोर्टफोलिओविषयी नव्या लोकांचा गैरसमज असतो. चाळीस प्रकारची चाळीस चित्रे पाहून मला काहीच कळत नाही. तीन उत्पादने, प्रत्येकाची चार-पाच चित्रे आणि एक छोटा व्हिडिओ, एवढे पुरते. ती उत्पादने तुम्ही स्वतः विकत आणून टिपलेली असली तरी हरकत नाही. फक्त "स्वयंप्रेरणेने केलेले काम" असे खाली स्पष्ट लिहावे, कारण त्या कंपनीत माझी ओळख निघाली आणि तिथे तुमचे नाव कोणालाच ठाऊक नसले, तर पुढचे बोलणे संपते.

विनामूल्य कामाविषयी: ज्याच्याकडे वर्षभराचे काम खरोखर आहे त्याच्याकडे एका छोट्या चाचणीसाठीही पैसे असतात. मी स्वतः नव्या माणसाला एका उत्पादनाचे पैसे देऊन काम देतो आणि त्यात चित्रापेक्षा इतर गोष्टीच अधिक पाहतो. त्याने वस्तूची पुढची बाजू कोणती हे विचारले का, चित्रे कुठे वापरणार हे विचारले का, तारीख पाळली का, आणि फाइलींची नावे कशी दिली. "फायनल", "फायनल २", "एकदम फायनल" अशा नावांची झिप आली की मला धडकी भरते. उत्पादनाचा सांकेतिक क्रमांक, बाजू आणि आकार एवढे नावात असले तर आमचा वेबसाइटवाला कोणालाही फोन न करता ती चित्रे चढवतो. तुमच्या ओळखीच्या व्यक्तीला एका उत्पादनाची पूर्ण किंमत सांगावी, आणि वर्षभराचा करार प्रत्यक्ष झाल्यास ती रक्कम पहिल्या बिलातून वजा करू असे लेखी द्यावे. नकार आला तर वर्षभराच्या कामाचे काय ते कळलेच.

उपकरणे पाहून काम देणारा क्लायंट मला भेटलेला नाही. कॅमेरा कोणता, हे मी आजवर कोणालाही विचारलेले नाही. अमुक रंग पडद्यावर आणि पाकिटावर सारखाच दिसेल का, हे मात्र दर वेळी विचारतो.

तिरपा उजेड

"रोखवही" यांचा आक्षेप लहान क्लायंटच्या बाबतीत मला मान्य आहे. जाहिरात संस्थांकडून येणाऱ्या कामात मात्र तपशीलवार कोटेशनच मागतात आणि तिथे भाड्याची ओळ नसेल तर उलट शंका घेतात. समोर कोण आहे ते पाहून ठरवावे.

"मागणीपत्र" यांनी सुचवलेल्या जोडकामात एक खर्च वाढतो, ज्याचा उल्लेख कोणी केलेला नाही, तो म्हणजे साठवणुकीचा. १०० मेगाबिट प्रतिसेकंद या दराने टिपलेला एका तासाचा व्हिडिओ ४५ जीबी जागा घेतो, आणि स्थिर चित्रांच्या रॉ फाइली वेगळ्या. त्यामुळे पहिल्या क्लायंटचा ॲडव्हान्स हातात आला की दिव्याच्याही आधी दोन एक्सटर्नल हार्ड डिस्क घ्याव्यात. छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम लहान स्टुडिओला अगदी योग्य आहे: एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. तुम्ही दोघे वेगवेगळ्या घरांत राहत असाल तर दुसरे ठिकाण फुकटच मिळाले. एक डिस्क सहकारीकडे ठेवावी. जुना संगणक फोर-केच्या ओझ्याने अडखळू लागला तर नवा घेण्याआधी रिझॉल्व्हमध्ये प्रॉक्सी (मूळ व्हिडिओच्या हलक्या प्रती) तयार करून एडिटिंग करून पाहावे.

जुन्या मिररलेस बॉडींना बहुधा एकच कार्डाची खाच असते, म्हणजे टिपता टिपता दुसरी प्रत होत नाही. अशा वेळी एका मोठ्या कार्डाऐवजी तीन-चार लहान कार्डे वापरावीत, भरलेले कार्ड उलटे करून वेगळ्या डबीत ठेवावे, आणि दोन्ही डिस्कवर प्रती झाल्यावर त्यांतल्या काही फाइली प्रत्यक्ष उघडून पाहिल्याखेरीज कार्ड फॉरमॅट करू नये. फॉरमॅट करण्याचे काम दोघांपैकी एकाकडेच असावे आणि ते शूटच्या जागी कधीही करू नये.